हातातली अवजारं (भाग ९) : धार रबराची

बारामतीत हार्डवेअरच्या दुकानात ‘वायपर’ मागितला की समोर फरशीचा येतो. लांब दांडा, स्पंजासारखी जाड काळी पट्टी. ‘काचेचा द्या’ म्हटलं तर दुकानदार विचारतो, “कुठली गाडी?” आपल्याला हवा तो तिसराच. वीतभर मूठ, तिला आडवी धातूची पन्हळ आणि पन्हळीत बसवलेली पातळ रबरी पट्टी. गेल्या भागात खुरप्याची धार पाहिली. ही धार त्याहून नाजूक.

या वायपरला आजचा घाट दिला तो एत्तोरे स्तेक्कोने या अमेरिकेत जाऊन काचा पुसणाऱ्या इटालियन कामगारानं. आधीचे वायपर पोलादी, जड. रबर बदलायचं तर ढीगभर स्क्रू काढा. त्यानं हलकी पितळी पन्हळ आणि एकच धारदार रबर वापरलं आणि १९३०च्या दशकात त्याचं पेटंट मिळवलं. ज्याच्या हाताला फोड येतात त्यालाच अवजार सुधारावंसं वाटतं, हे खुरप्याच्या बाबतीतही दिसलंच होतं.

घेताना मूठ आणि चकाकी नंतर बघा, आधी रबर. कडेवरून नख अलगद फिरवा. कुठं अडलं तर तिथं खाच आहे आणि तेवढीच रेघ प्रत्येक काचेवर उमटणार. पट्टी पन्हळीच्या दोन्ही टोकांना किंचित बाहेर हवी, नाहीतर धातू काचेला लागतो. रबर मऊ आणि कडक असं दोन प्रकारांत मिळतं. उन्हानं मऊ रबर आणखी सैल पडतं, म्हणून आपल्याकडच्या उन्हाळ्यात कडक बरं. लांबी १४ इंच घ्या. १८ इंची दुकानात रुबाबदार दिसतो, पण घरच्या खिडकीच्या चौकटीत मावत नाही.

भिगवण रस्त्यावर एका शोरूमची दर्शनी काच पुसणारा इंदापूरकडचा मुलगा मी सकाळी बराच वेळ बघत उभा होतो. बादलीत भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब. ओल्या बोळ्यानं काच भिजवली, चोळली. मग फडक्यानं वरच्या कडेची बोटभर पट्टी कोरडी केली आणि वायपर तिथं टेकवून एका दमात खाली ओढला. रबर पुसून घेतलं. दुसरा पट्टा पहिल्यावर दोन बोटं चढवून. म्हटलं, मला दे. मी जोर लावला आणि वायपर थडथड उड्या मारायला लागला.

“काका, दाबू नका. पाणी ओढायचंय, काच नाही.”

सगळी विद्या या एवढ्यात आली. दाबलं की रबर आडवं पडतं, धार उचलली जाते आणि पाणी खालून निसटतं. मूठ काचेकडं कललेली, हात सैल, वेग सारखा. साबण मळ काढतो हे खरं, पण त्याचं मोठं काम रबर घसरतं ठेवण्याचं.

आता आपल्या पाण्याबद्दल. नीरा डावा कालवा १८८५ साली सुरू झाला, ऊस आला, आणि पाण्याचा निचरा न झाल्यानं कालव्याकाठच्या कितीतरी जमिनी चोपण झाल्या. क्षाराशी या भागाची ओळख जुनी आहे, बोअरच्या पाण्यातून तो नळाच्या तोटीवर पांढरा बसतोच. काचेवरही तेच होतं. पाणी उडून जातं, क्षार राहतो. गेल्या मे महिन्यात घरच्या पश्चिमेच्या खिडकीवर मी भर दुपारी चारला बोअरचं पाणी मारलं आणि फोन आला म्हणून आत गेलो. परत येतो तर काचेवर देवी आल्यासारखे ठिपके! व्हिनेगर चोळून बरेच गेले, सगळे नाहीत. म्हणून शेवटचा हात तरी आरओच्या पाण्याचा द्यावा, आणि ऊन असलेली काच त्या वेळी सोडून द्यावी.

गळीत हंगामात आणखी एक पाहुणी येते, काजळी. पेटवलेल्या पाचटाची आणि चिमण्यांची काळी भुरभूर दवानं काचेला चिकटते. तिच्यावर कोरडं फडकं फिरवू नये, सगळं फासलं जातं. आधी भरपूर पाणी सोडून वाहू द्यावी. सिमेंटचे शिंतोडे ब्लेडनं काढायचे तर काच ओली हवी आणि ब्लेड एकाच दिशेनं जायला हवं. टफन्ड काचेवर तर ब्लेड लावूच नये असं माझं मत. ओरखडा उठला तर पैसे पुसणाऱ्याच्या मजुरीतून कापले जातात.

त्या मुलाच्या वायपरनं मध्येच एक रेघ सोडली. त्यानं पट्टी सरकवून बाहेर काढली, उलटी केली, परत बसवली. दुसरी कड अजून कोरी होती. तेवढ्यात ऊन काचेवर आलं. अर्धी काच राहिली होती, ती तशीच ठेवून त्यानं बादली उचलली आणि रस्ता ओलांडून सावलीतल्या दुकानाकडं गेला.