भाव कळला, धंदा कळला का? मार्केट यार्डात उभं राहून बिझनेस रिसर्च

ऐकायला वेळ मिळाला नाही त्यांच्यासाठी हा भाग लेखी. बोलताना घेतलेले पॉझ आणि माझं घसा खाकरणं काढलंय, बाकी बहुतेक तसंच ठेवलंय.

आपल्या इनबॉक्समध्ये एक मेसेज सारखा येतो. पाठवणारे वेगवेगळे, आयडिया एकच. "पहाटे मार्केट यार्डातून भाजी उचलायची, अ‍ॅपवर ऑर्डर घ्यायची, सकाळी आठच्या आत सोसायटीत पोचवायची. यार्डात जो भाव असतो त्याच्या दुप्पट भाव आमच्या दारात असतो. मधले पैसे आपले. चालेल का?" यातल्या काहींनी राजीनाम्याचा मेल ड्राफ्टमध्ये ठेवलेला असतो. काहींचा डोळा वडिलांच्या एफडीवर असतो. म्हणून हा भाग जरा सावकाश घेऊ.

पहिली गोष्ट, "चालेल का?" हा ज्योतिषाला विचारायचा प्रश्न आहे. रिसर्चचा प्रश्न असा हवा, की ज्याचं उत्तर काहीतरी मोजून देता येईल आणि ते उत्तर आल्यावर तुमचा निर्णय बदलू शकेल. उदाहरणार्थ: बिबवेवाडीतल्या मोठ्या सोसायट्यांमध्ये आठवड्यातून किमान दोनदा भाजी मागवणारी पुरेशी घरं मिळतील का, आणि टेम्पो, नासाडी, माणसांचा पगार जाऊन प्रत्येक ऑर्डरमागे काही उरेल का? आता यात जागा आहे, ग्राहक कोण ते आहे, काय मोजायचं ते आहे. यातलं तुमचं आधीचं अनुमान, म्हणजे "ऑर्डरमागे वीस रुपये सुटतील" असं काहीतरी, त्याला म्हणायचं गृहीतक. गृहीतक खोटं ठरू शकेल असं लिहायचं असतं. "लोकांना ताजी भाजी आवडते" हे गृहीतक नाही. ते कधीच खोटं ठरणार नाही, आणि त्यातून एक रुपयाचंही काही कळणार नाही.

आता डेटा. दोन प्रकार असतात. दुसऱ्याने त्याच्या कामासाठी आधीच गोळा केलेला तो दुय्यम डेटा. तुम्ही तुमच्या प्रश्नासाठी स्वतः गोळा केलेला तो प्राथमिक. सुरुवात नेहमी दुय्यमपासून करायची, कारण तो स्वस्त असतो. आणि या बाबतीत आपण पुणेकर नशीबवान आहोत. राज्य कृषी पणन मंडळाचं मुख्यालयच गुलटेकडीच्या मार्केट यार्डात आहे आणि त्यांच्या वेबसाईटवर राज्यभरातल्या बाजार समित्यांचे रोजचे भाव फुकट बघायला मिळतात. शेतमाल, परिमाण, आवक, किमान दर, कमाल दर, सर्वसाधारण दर. असे रकाने. आपल्यासारखा कोणी इंजिनिअर हे बघितल्यावर पहिलं काय करेल? स्क्रिप्ट लिहून सगळं खाली ओढेल आणि ग्राफ काढेल. थांबा जरा. आधी रकाने वाचू.

परिमाण म्हणजे एकक. वेबसाईटवर फळभाजीचा दर बहुतेक क्विंटलचा असतो. पेपरात पुण्याचा भाव येतो तो दहा किलोचा. आणि कोथिंबीर, मेथी, पालक यांचा भाव शेकड्यात, म्हणजे शंभर जुड्यांचा. जुडी केवढी? तर ज्याने बांधली त्याच्या हाताएवढी. पावसात भिजलेली जुडी जड असते, उन्हाळ्यातली बारीक. म्हणजे दोन महिन्यांचे कोथिंबिरीचे भाव शेजारी ठेवले तरी तुम्ही एकाच वस्तूची तुलना करताय याची खात्री नाही. रिसर्चच्या पुस्तकात याला मापनाची वैधता म्हणतात. जे मोजायचं होतं तेच मोजलं का, एवढाच त्याचा अर्थ.

मग किमान आणि कमाल. समजा, एका सकाळी टोमॅटोचे १०० डाग आले, सगळे सारख्या वजनाचे. (आकडे माझे, हिशेबाच्या सोयीसाठी.) ७० डाग दहा किलोला १२० रुपयांनी गेले, २० डाग ९० रुपयांनी आणि निवडक १० डाग २२० रुपयांनी. किमान ९०, कमाल २२०. दोघांची मधली संख्या १५५. पण खरी सरासरी काढली तर येते १२४, आणि सगळ्यात जास्त माल गेला तो भाव १२०. ज्याने १५५ धरून एक्सेल बनवलं त्याचं अख्खं मॉडेल पहिल्या ओळीतच २५ टक्क्यांनी चुकलं. कमाल दर बघून गावाकडून टेम्पो भरणाऱ्याचं तर विचारूच नका.

म्हणून सर्वसाधारण दर महत्त्वाचा, कारण बहुतेक माल ज्या भावाने गेला तो भाव त्याने सांगायचा असतो. पण त्यातही एक गंमत बघा. वेबसाईटवरच्या नोंदी चाळल्या तर कित्येकदा हा आकडा किमान आणि कमाल यांच्या अगदी बरोबर मधोमध असतो. तो सौद्यांवरून आला की कॅल्क्युलेटरवरून? नुसत्या टेबलवरून सांगता येत नाही. दुय्यम डेटा वापरताना हा प्रश्न सतत विचारत राहायचा: हे कोणी लिहिलं, कुठे उभं राहून लिहिलं, आणि कशासाठी?

वारांचंही तसंच. पुण्याच्या फळ-भाजी बाजाराला शनिवारी सुट्टी असते आणि रविवारी आवक जोरात. तुम्ही नोकरी सांभाळून रिसर्च करणार, म्हणजे यार्डात जाणार फक्त रविवारी. मग तुम्हाला कायम भरलेला बाजार, भरपूर माल, गर्दी दिसणार. मंगळवारचा बाजार तुमच्या वहीत येणारच नाही, आणि तुमचा धंदा मात्र मंगळवारीही चालायचाय. याला म्हणतात नमुन्यातला पूर्वग्रह. नमुना मोठा केला की हा जातो असं वाटतं, पण नाही जात. पन्नास रविवार गेलात तरी ते पन्नास रविवारच.

अजून एक. जुलै २०१६ मध्ये राज्य सरकारने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून बाहेर काढला, म्हणजे आवाराबाहेर विकायची मोकळीक दिली, आणि अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची असं ठरलं. यातून दोन गोष्टी निघतात. यार्डातली आवक कमी झाली म्हणून शहरात भाजी कमी आली असं सरळ म्हणता येत नाही, कारण काही माल दुसरीकडून येतो. आणि दुसरं, टेम्पोवाल्या मित्रांनो, खरेदीदार तुम्ही आहात. पेपरातला भाव हा तुमचा खर्च नव्हे. त्यावर अडत आहे, हमाली आहे, मग वाहतूक.

इथे वेबसाईट संपते आणि पाय वापरावे लागतात. आणि हे काही स्टार्टअपवाल्यांनी शोधून काढलेलं नाही. गोखले अर्थशास्त्र संस्था १९३० मध्ये पुण्यात सुरू झाली, धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक. संस्थेच्या अगदी सुरुवातीच्या प्रकाशनांपैकी एक काय होतं माहितीये? पुण्यातल्या फळांच्या विक्रीव्यवस्थेची पाहणी. १९३३ साल. तेव्हा गुलटेकडीला यार्डही नव्हतं. नव्वदहून जास्त वर्षांपूर्वी या शहरात एका अर्थतज्ज्ञाला वाटलं, की फळ गिऱ्हाइकाच्या हातात कसं पोचतं हा अभ्यासाचा विषय आहे. मला हे फार भारी वाटतं.

तर, पहाटे जायचं. पहिल्या दिवशी कोणाला काही विचारायचं नाही, नुसतं बघायचं. निरीक्षण ही पद्धत आहे, टाइमपास नाही. तुमच्या गल्लीतल्या भाजीवाल्या मावशी गाळ्यावर काय करतात ते बघा. त्या किलोवर घेत नाहीत, डाग घेतात. मग उघडून निवड होते. मऊ पडलेला टोमॅटो वेगळा, फुटलेला वेगळा. जे तुमच्या दारात "दुप्पट" भावाने येतं ते या निवडीतून उरलेलं असतं. न विकलेला माल, संध्याकाळी उतरवलेला भाव, रिक्षा-टेम्पो, बसायच्या जागेचा खर्च, सगळं त्या "मधल्या पैशात" आहे. मधले पैसे म्हणजे नफा हे गृहीतक एका पहाटेत डळमळतं.

मग मुलाखती. आडत्याला सौदा चालू असताना गाठू नका. काम आटोपल्यावर चहाच्या टपरीवर बोलतात लोक. हमालदादांशी बोला, काका म्हणा, मालाच्या दर्जाबद्दल त्यांच्याइतकं सरळ कोणी सांगत नाही. आणि शक्य तिथे आठवणीपेक्षा कागद बघा. शेतकऱ्याला "काय भाव मिळाला?" विचारलं तर बरेचदा त्याला लक्षात राहिलेला सगळ्यात चांगला किंवा सगळ्यात वाईट दिवस ऐकायला मिळतो. त्याच्याकडच्या पट्टीवर मात्र डाग, वजन, भाव आणि कपात लिहिलेली असते. त्याने दाखवली तर बघायची. फोटो काढायचा तर विचारून.

ग्राहकांचं सर्वेक्षण ही आणखी निसरडी जागा. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पोल टाकणार, "ताजी भाजी घरपोच मिळाली तर घ्याल का?" ऐंशी जण हो म्हणणार. फुकटात हो म्हणायला कोणाचं काय जातं? शिवाय ग्रुपवर उत्तर देणारे म्हणजे मुळात ग्रुपवर उत्तर देणारे लोक. आजी रोज खाली जाऊन मावशींकडून भाजी घेते, ती त्या पोलमध्ये नाहीये, आणि घरातली भाजी तीच ठरवते. त्यापेक्षा फ्लॅट नंबरांच्या चिठ्ठ्या टाकून तीस घरं निवडा, दार वाजवा आणि भविष्याबद्दल विचारूच नका. "मागच्या आठवड्यात भाजी कितीदा, कुठून, किती रुपयांची घेतली?" एवढंच. झालेली गोष्ट माणूस बऱ्यापैकी खरी सांगतो.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग, प्रयोग. केरळची गोष्ट अनेकांनी ऐकली असेल. १९९७ ते २००१ या काळात तिथल्या उत्तरेकडच्या किनाऱ्यावर टप्प्याटप्प्याने मोबाईल नेटवर्क आलं. रॉबर्ट जेन्सन या अर्थतज्ज्ञाने तिथल्या मासळीबाजारांचा अभ्यास केला, तो २००७ मध्ये आला. मच्छीमार समुद्रातूनच फोन करून भाव विचारायला लागले, बाजाराबाजारातला भावांचा फरक खूप कमी झाला, फेकून द्यावी लागणारी मासळी जवळपास थांबली. मच्छीमारांचा नफा सरासरी ८ टक्के वाढला, आणि गिऱ्हाइकाला भाव ४ टक्के कमी पडला. हे वाचून सगळ्या जगाला वाटलं, भाव कळला की काम झालं.

मग आपल्या महाराष्ट्रात बघितलं गेलं. रॉयटर्सची एक सेवा होती, शेतकऱ्याला एसएमएसवर बाजारभाव, हवामान आणि पीकसल्ला पाठवणारी. मार्सेल फाफशां आणि बार्ट मिंटन या दोघांनी राज्यातली १०० गावं घेतली. कुठल्या गावांत सेवा फुकट द्यायची हे नशिबावर सोडलं, बाकीची तुलनेसाठी ठेवली. यालाच यादृच्छिक प्रयोग म्हणतात, आपल्या ऑफिसातल्या ए-बी टेस्टचा थोरला भाऊ. २०१२ मध्ये निष्कर्ष आले. शेतकरी मेसेज वापरत होते, त्यावरून निर्णय घेतले असंही सांगत होते. पण सेवा मिळालेल्यांना मिळालेला भाव आणि न मिळालेल्यांना मिळालेला भाव यात सरासरी लक्षणीय फरक नव्हता.

जरा विचार करा. समजा, त्यांनी फक्त "अ‍ॅप उपयोगी वाटलं का?" असं विचारलं असतं. भरपूर हो आले असते, इन्व्हेस्टरच्या डेकवर हसऱ्या शेतकऱ्याचा फोटो लागला असता. तुलनेचा गट होता म्हणून खरं कळलं. केरळात चाललं, इथे का नाही? माझं मत असं, की होडी समुद्रातच वळवता येते. वावरातून निघालेला टेम्पो, ठरलेला आडत्या, त्याच्याकडून कधी घेतलेली उचल, हे सगळं एका मेसेजने वळत नाही. पण हे माझं मत, म्हणजे पुन्हा एक गृहीतकच.

तर मूळ मेसेजवाल्यांसाठी. अ‍ॅप बनवू नका, अजून. एक सोसायटी, गुगल फॉर्म, भाड्याचा छोटा टेम्पो, चार आठवडे. त्यात मंगळवारही आले पाहिजेत आणि शनिवारच्या सुट्टीचं काय करणार तेही दिसलं पाहिजे. रोज वहीत चार आकडे: घेतलं किती रुपयांचं, सगळा खर्च धरून; विकलं किती; फेकलं किती; आणि मागच्या आठवड्यातल्या किती घरांनी परत मागवलं. सुरू करायच्या आधी, पहिल्या पानावर, तारीख घालून लिहा की यातला कुठला आकडा कितीच्या खाली गेला तर थांबायचं. ते पान मित्राकडे ठेवायला द्या, कारण चौथ्या आठवड्यात आपणच तो आकडा खोडायला जातो.

पुढच्या भागात प्रश्नावली कशी लिहायची ते बघू. कोणी चार आठवड्यांचा प्रयोग करणार असेल तर वहीचे फोटो पाठवा, परवानगी असेल तर त्यावरच बोलू.