हिरवेगार आहे, पण निर्मळ आहे का?

‘दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं’ ही म्हण भाजीच्या जुडीलाही लागू पडते, हे आपल्या मनात कधी येते का? मंडईत आपण काय बघतो? पान टवटवीत आहे ना, किडीने चाळण केलेली नाही ना, देठ कोवळे आहेत ना. एवढे जमले की जुडी पिशवीत पडते. पण जमिनीत शिसे, कॅडमियम किंवा आर्सेनिक म्हणजे सोमल मिसळलेला असला, तरी तिच्यावर वाढलेली भाजी पुष्कळदा तितकीच हिरवीगार दिसते. झाडाला तसे राहता येते कसे, हे समजून घेण्यासारखे आहे. कारण झाड त्यातून तरून जाते, खाणारा तरेलच असे नाही.

जमीन वाईट निघाली म्हणून झाडाला काही बिऱ्हाड बदलता येत नाही. जिथे रुजले तिथेच निभावून न्यायचे. त्यासाठी त्याच्याकडे तीन युक्त्या आहेत.

पहिली, पाहुण्याला दारातच अडवायचे. भाताचे रोप चिखलातून उपटले की मुळांवर तांबूस लेप दिसतो. मुळे प्राणवायू बाहेर सोडतात, त्याने चिखलातले लोह गंजते आणि मुळांवर बसते. या गंजाला काही सोमल चिकटून राहतो. शिसेही बहुतेक झाडांत मुळांतच अडकते, पानापर्यंत थोडेच पोचते.

दुसरी युक्ती तर आपल्या घरातलीच म्हणा. उंदराचे औषध आपण पुरचुंडीत बांधून माळ्यावर, मुलांचा हात पोचणार नाही असे ठेवतो. झाडही तेच करते. आत शिरलेल्या धातूला गंधकयुक्त अशा छोट्या रेणूंनी बांधून टाकते आणि पेशीतल्या कोठीत, शाळेच्या पुस्तकात जिला रिक्तिका म्हणतात तिच्यात, कोंडून ठेवते. झाडाचे बाकीचे व्यवहार मग सुरळीत चालतात.

तिसरी युक्ती काही मोजक्या झाडांची. ती विषाचा साठाच करतात. पॅसिफिक महासागरातल्या न्यू कॅलेडोनिया बेटावर एक झाड आहे, त्याचा चीक निळसर हिरवा असतो. वाळलेल्या चिकात वजनाचा सुमारे चौथा हिस्सा निकेल, असे १९७६ साली आढळले. अशा पानांना किडेही सहसा तोंड लावत नाहीत! २००१ साली अमेरिकेतल्या फ्लोरिडात, लाकूड टिकवण्याच्या रसायनांनी बिघडलेल्या जागेवर एक नेचा सापडला. तो मातीतला सोमल ओढून पानांत भरतो आणि खुशाल वाढतो. हाच नेचा आपल्याकडेही जुन्या भिंतींच्या फटींत उगवतो.

आता आपल्या ताटाकडे वळू. झाडाला जस्त, मँगनीज हवे असते. कॅडमियम त्यांच्याच वाटेने, चोरपावलांनी आत शिरते. जपानमध्ये तोयामा भागातल्या जिंझू नदीत वरच्या खाणीतले कॅडमियम वर्षानुवर्षे उतरत होते. त्याच पाण्यावर भाताची शेते होती. तांदळाकडे बघून कुणाला काय कळणार? तो शिजत राहिला, खाल्ला जात राहिला. पुढे लोकांची मूत्रपिंडे बिघडली, हाडे ठिसूळ झाली, नुसत्या खोकल्यानेही बरगडी मोडू लागली. या रोगाचे नाव पडले ‘इताई-इताई’. जपानीत इताई म्हणजे ‘दुखतंय’. आणि रोगी कोण? बहुतेक सगळ्या बायका, प्रौढ वयाच्या, अनेक बाळंतपणे झालेल्या. या रोगामागे कॅडमियम आहे हे जपान सरकारने १९६८ साली मान्य केले.

बायकाच का, हा प्रश्न आपल्याही जिव्हाळ्याचा आहे. अंगात लोह कमी असले की आतडी कॅडमियम जास्त शोषतात. गरोदरपण, बाळंतपण, मासिक पाळी यांमुळे लोहाची वाण बायकांनाच अधिक. तेव्हा या धास्तीने पालेभाजी सोडणे म्हणजे आगीतून फुफाट्यात! भाज्या खायच्याच, पण डोळे उघडे ठेवून.

घरात काय करता येईल?

पालेभाजी भरपूर पाण्यात दोन-तीनदा धुवा. रस्त्याकडच्या भाजीवरची धूळ त्याने जाते. पानाच्या आत गेलेला धातू मात्र धुऊन जात नाही आणि शिजवूनही नाहीसा होत नाही. कंदमुळे साल काढून घ्या. रोज एकच भाजी आणि एकाच वाफ्यातली, असे करू नका. कारखान्याचे पाणी सोडलेल्या नाल्याकाठचा पालक, माठ शक्यतो टाळा. शेंगा आणि फळभाज्यांत असे धातू पानांच्या मानाने कमी उतरतात. जेवणात लोह आणि कॅल्शियम पुरेसे असू द्या.

परसात भाजी लावत असाल तर जागा बघून लावा. आपल्याकडे शिसे घातलेले पेट्रोल २००० साली बंद झाले, पण रहदारीच्या रस्त्याकडेच्या मातीत पूर्वी पडलेले शिसे आपोआप संपत नाही. जुना तेलरंग खरवडलेल्या भिंतीखाली किंवा कचरा जाळल्या जागी पालेभाजी लावू नका. तिथे फुलझाडे लावा, भाजीसाठी कुंडीत चांगली माती आणि मुरलेले शेणखत घ्या. नाल्यातल्या जलपर्णीचे खतही भाजीला नको. ती पाण्यातले धातू अंगात घेते, आणि ते खतातून पुन्हा आपल्याकडेच येतात.

मग झाडांकडूनच जमीन साफ करून घेता येणार नाही का? तसे प्रयोग झाले आहेत. चेर्नोबिलच्या १९८६च्या अपघातानंतर तिथल्या तळ्यात तराफ्यांवर सूर्यफुले वाढवली. त्यांच्या मुळांनी पाण्यातले किरणोत्सर्गी सीझियम आणि स्ट्रॉन्शियम ओढून घेतले. पण ते झाडात गेले म्हणजे संपले नाही. झाड कापून नीट दूर न्यावेच लागते. मातीच्या बाबतीत तर हे काम वर्षानुवर्षे चालते. जिंझूकाठच्या शेतांत शेवटी चांगली माती आणून घालावी लागली. ते काम पुरे व्हायला २०१२ साल उजाडले!

म्हणून विष मातीत जाऊच न देणे हे सर्वांत स्वस्त. संपलेले सेल, फुटलेली ट्यूब, बिघडलेला मोबाईल ओल्या कचऱ्यात टाकू नका, वेगळे ठेवा. गावातल्या कारखान्यांचे सांडपाणी कुठे सोडतात आणि त्यावर कोणती शेती होते, हे महिला मंडळाने नगरपालिकेला एकदा तरी विचारावे. झाड बिचारे तक्रार करत नाही. विचारायला आपणच हवे.