जळलेला पियानो, लाल दोरा

चिहारू शिओता या जपानी शिल्पकर्तीचा जन्म १९७२ साली ओसाका प्रांतातील किशिवादा इथे झाला. आईवडिलांचा मासळीसाठी लाकडी खोकी बनवण्याचा कारखाना होता. चिहारू नऊ वर्षांची असताना एका रात्री शेजारचे घर जळाले. सकाळी राखेत पियानो उभा दिसला. त्याचा कोळसा झाला होता, सूर निघणे शक्य नव्हते. तरीही तो तिला आधीपेक्षा सुंदर वाटला. वस्तू मुकी झाली तरी तिच्यातले माणूसपण जात नाही, ही जाणीव पुढे त्यांच्या सगळ्या कामाच्या मुळाशी राहिली.

क्योतो सेइका विद्यापीठात त्या चित्रकला शिकल्या, पण कॅनव्हासशी त्यांचे जुळेना. १९९४ मध्ये ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा इथे शिकत असताना त्यांनी अंगावर लाल एनॅमल रंग ओतून घेतला आणि स्वतःच चित्र झाल्या. त्या विषारी रंगाने त्वचा भाजली. त्याच वर्षी लोकरीचे दोरेही कामात आले. कॅनव्हासवर जी रेघ ओढायची, ती त्या हवेत ओढू लागल्या. १९९६ मध्ये त्या जर्मनीला गेल्या. पोलंडच्या शिल्पकर्ती मागदालेना आबाकानोविच यांच्याकडे शिकण्याची इच्छा होती. नावांच्या गोंधळात त्या पोहोचल्या परफॉर्मन्स कलावंत मारिना आब्रामोविच यांच्याकडे. ही चूक फळली. आब्रामोविच यांच्या शिबिरात कित्येक दिवस उपास केल्यानंतर मनात आलेला एकच शब्द लिहायचा होता. शिओतांनी लिहिले, ‘जपान’. त्यातून घडलेल्या कृतीत त्या उघड्या, मातीने माखलेल्या अंगाने जमिनीतल्या खड्ड्यात शिरायचा प्रयत्न करतात, घसरतात, पुन्हा चढतात. पुढे बर्लिनमध्ये त्यांनी जर्मन कलावंत रेबेका हॉर्न यांच्याकडे शिक्षण घेतले आणि त्याच शहरात स्थायिक झाल्या.

हळूहळू त्यांचे स्वतःचे शरीर कामातून बाजूला झाले आणि माणसांच्या वापरातल्या वस्तू पुढे आल्या. २००१ च्या योकोहामा त्रैवार्षिकीत चिखलाने माखलेले, तेरा मीटर लांबीचे पोशाख टांगलेले होते. वरून सतत पाणी ओघळत होते, तरी चिखलाचे डाग जात नव्हते. पुढे पलंग, बुटांचे जोड, सूटकेस, पूर्व बर्लिनमधल्या मोडलेल्या घरांच्या खिडक्या आल्या. ‘इन सायलेन्स’ या कृतीत जळलेला पियानो आणि रिकाम्या खुर्च्या काळ्या लोकरीच्या दाट जाळ्यात अडकल्या. काळा दोरा रात्रीच्या आकाशासारखा, लाल रक्ताचा आणि नात्यांचा. एकेका दोऱ्यामागे डोळा जाऊ शकत नाही इतकी वीण दाट झाली, की काम पूर्ण झाले असे त्या मानतात.

२०१५ च्या व्हेनिस बिएनालेमध्ये जपानच्या दालनात त्यांनी ‘द की इन द हँड’ मांडले. त्यांची ही सर्वांत नेमकी कृती म्हणावी लागेल. जगभरच्या लोकांकडून मागवलेल्या पन्नास हजारांहून अधिक जुन्या किल्ल्या लाल दोऱ्यांना लटकत होत्या. खाली दोन जुन्या होड्या होत्या. किल्ली रोज हाताळली जाते, झिजते, घराची राखण करते. अनोळखी कलावंताला ती देऊन टाकणे हा मोठाच विश्वास आहे. दालनाच्या खालच्या भागात लहान मुले जन्मावेळच्या आठवणी सांगत आहेत, असे व्हिडिओ होते.

टोकियोच्या मोरी कलासंग्रहालयाचे मोठ्या प्रदर्शनासाठीचे निमंत्रण २०१७ मध्ये आले आणि दुसऱ्याच दिवशी, पूर्वी होऊन गेलेला कर्करोग उलटल्याचे निदान कळले. उपचार आणि तयारी बरोबरच चालली. ‘आउट ऑफ माय बॉडी’ या कृतीत त्यांचे स्वतःचे हातपाय ब्राँझमध्ये ओतून जमिनीवर ठेवले होते आणि वर कापलेले लाल चामडे जाळ्यासारखे लोंबत होते. शरीर कामात परत आले, पण तुकड्यांनी.

मोरीमधले २०१९ चे ‘द सोल ट्रेंबल्स’ हे प्रदर्शन साडेसहा लाखांहून अधिक लोकांनी पाहिले; डिसेंबर २०२४ मध्ये ते पॅरिसच्या ग्राँ पाले इथे गेले. प्रत्येक मुक्कामी दोऱ्यांचे जाळे शेवटी कापून उतरवावे लागते. नव्या जागी ते त्या जागेच्या मापाने, पहिल्या गाठीपासून पुन्हा विणले जाते.