गॅरेजमध्येच वायरिंग जळलं तर?

बॅटरी बसवताना प्लस-मायनस उलटे जोडले गेले, तर क्षणात मुख्य फ्यूज उडतो. अल्टरनेटरचे डायोड जळू शकतात, कधी ईसीयू म्हणजे इंजिनाचा संगणकही जातो. वर गॅरेजवाला म्हणतो, ‘बिघाड आधीपासूनच होता.’

अशा वेळी जॉब कार्ड कामी येतं. गाडी कोणत्या तक्रारीसाठी दिली होती, हे त्यावर लिहिलेलं असतं. वितळलेला फ्यूज, काळवंडलेला कनेक्टर यांचे फोटो काढावेत, दुसऱ्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडून कारण लेखी घ्यावं. दुरुस्ती त्यानंतरच, घाईत पुरावाच हातचा जातो.

मग गॅरेजकडे भरपाईची लेखी मागणी करावी. तिलाही दाद मिळाली नाही, तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. सदोष सेवेची तक्रार २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे करता येते. वकील सक्तीचा नाही. मुदत मात्र दोन वर्षांचीच.