सुईदोऱ्याचा संसार

परभणीच्या परिसरांतील काळ्या जमिनींत कापूस पिकतो आणि मानवत, सेलू यांसारख्या गांवीं त्याचा मोठा बाजार भरतो. तेथून तो सरकी काढण्यासाठीं जिनिंग कारखान्यांत जातो. पुढें त्याचें सूत होतें, सुताचें कापड होतें, आणि अखेर तें कापड विटून विरलें म्हणजे परभणीच्याच एखाद्या घरांत गोधडीचा थर होऊन राहतें. या लांबच्या प्रवासांत शेतकरी वजनाचा हिशेब ठेवतो, व्यापारी भावाचा ठेवतो, गिरणीवाला लांबीरुंदीचा ठेवतो. शेवटचा टप्पा तेवढा गृहिणीच्या हातांत असतो, आणि तोच हिशेबाबाहेर राहतो.

सकाळीं शाळेच्या वेळीं मुलाच्या सदऱ्याची गुंडी तुटते. सुई सांपडते ती दोऱ्यावांचून. दोरा सांपडतो तो पांढऱ्याऐवजीं काळा. कात्री स्वैपाकघरांत गेलेली असते, आणि तशीच गुंडी तर कोठेंच नसते. शेवटीं टाचणी लावून मुलाची रवानगी होते. दोन टाक्यांचें काम आठ दिवस तसेंच राहतें, आणि उसवलेली शिवण तोंवर वीतभर फाटते. याला गृहिणीचा आळस म्हणणें अन्यायाचें होईल. घरांत कागदपत्रांना पेटी असते, धान्याला कोठी असते, मिठामिरचीलाहि डबा असतो. शिवणाच्या सामानाला मात्र हक्काची जागा नसते, कारण शिवण हा रिकामपणचा उद्योग अशी समजूत असते.

ही जागा करण्यासाठीं नवें कपाट घेण्याचें कारण नाहीं. मराठवाड्यांतील जुन्या घरांनीं सांठवणीचें शास्त्र केव्हांच सिद्ध केलेलें होतें. धान्यासाठीं बळद, नित्याच्या वस्तूंसाठीं भिंतींतील कोनाडा, अडकविण्यासाठीं खुंटी आणि किरकोळ जिनसांसाठीं मडक्यांची उतरंड अशी ती व्यवस्था होती. तीच सुईदोऱ्याला लावली म्हणजे झालें.

उतरंडींत सर्वांत मोठें मडकें तळाशीं असतें आणि सर्वांत लहान वर. खालच्या मडक्याला हात घालावयाचा तर वरचीं सर्व उतरावीं लागतात. म्हणून जें क्वचित् लागतें तें खालीं आणि जें रोज लागतें तें वर, हा तिचा नियम. शिवणाच्या ट्रंकेंत पुष्कळदां याच्या उलट घडतें. रोजची कात्री तळाशीं जाते आणि दिवाळीसाठीं घेतलेलें कापड वर राहतें. तळाशीं न बेतलेलें कापड, त्यावर अस्तर व ठिगळांचें कापड, आणि अगदीं वर चालू काम, अशी रचना केली तर ट्रंक उपसावी लागत नाहीं. दुरुस्तीचे कपडे तर ट्रंकेंत जाऊंच नयेत. त्यांची एक पिशवी खुंटीवर, डोळ्यांसमोर असावी. दृष्टीआड गेलेली दुरुस्ती सहसा होत नाहीं.

बारीक जिनसांसाठीं मिसळणाच्या डब्यासारखी सोय नाहीं. मोहरी, जिरें, हळद यांच्या वाट्यांत गुंड्या, हुक, टिचबटणें आणि नाडी ओवण्याची पिन हीं सुखानें नांदतात. डब्याचें झांकण मात्र वाट्यांच्या कांठावर घट्ट टेकणारें असावें, नाहीं तर डबा एकदां कलंडला कीं सगळ्यांची मिसळ होते. जुन्या सदऱ्याच्या गुंड्या काढल्या तर त्या सुट्या न टाकतां एका दोऱ्यांत ओवून ठेवाव्या. सहा गुंड्यांचा एक संच नव्या सदऱ्याला पुरतो; सहा निरनिराळ्या गुंड्या कशालाच पुरत नाहींत.

प्रवासासाठीं चंची आहेच. पान, सुपारी, चुना व तंबाखू यांना वेगवेगळे कप्पे, आणि काम झालें कीं गुंडाळून दोरी बांधावयाची, ही तिची रचना सुया, दोरा, अंगुस्तान व लहान कात्री यांना तंतोतंत लागू पडते. इंग्रज शिपायांजवळ अशीच कापडी गुंडाळी असे व तिला ते ‘हाउसवाइफ’ म्हणजे गृहिणी म्हणत. रणांगणावर गुंडी लावावयाची वेळ आली तेव्हां शिपायाला नांव आठवलें तें गृहिणीचें! बंजारा स्त्रियांच्या आरसे व कवड्या लावलेल्या पिशव्या पाहिल्या तर सामान ठेवण्याची वस्तु हीच भरतकामाचा नमुना कशी होऊं शकते, हेंहि कळतें.

सुईचा प्रश्न अधिक नाजूक आहे, कारण हरवलेली सुई गोधडींत किंवा रांगत्या मुलाच्या वाटेंत सांपडण्याचें भय असतें. यासाठीं दोन संवयी पुरेशा आहेत. सुई खालीं ठेवतांना तिच्यांत दोरा असावा, म्हणजे ती लगेच दिसते. आणि उठण्यापूर्वीं सुया मोजाव्या. सुया खोंचण्याची उशी कापसानें भरण्याचा मोह परभणीसारख्या कापसाच्या मुलुखांत सहज होतो. पण कापूस हवेंतील ओल शोषून घेतो. एरवींच्या हवेंतहि त्याच्या वजनाच्या सात-आठ टक्के पाणी त्यांत असतें, आणि पावसाळ्यांत तें वाढतें. त्यामुळें सुया गंजतात. त्याऐवजीं मेंढीची लोकर भरली तर तिच्या अंगच्या स्निग्धतेनें गंज कमी धरतो. दाभण निराळें ठेवावें. मशीनची वापरलेली सुई नव्यांत कधींहि मिसळूं नये. बोथट सुई टाके गाळते आणि दोष मशीनला मिळतो. मोडक्या सुया एका जुन्या डबींत बंद करून टाकाव्या. जपानांत ‘हारि-कुयो’ नांवाच्या विधींत मोडलेल्या सुया मऊ टोफूंत खोंचून त्यांचा कृतज्ञतेनें निरोप घेतात. मशीनची बॉबिन तिच्याच रंगाच्या रिळाला तारेनें वा दोऱ्यानें जोडून ठेवली म्हणजे रंग शोधण्याचा वेळ वांचतो.

चिंध्यांचें गाठोडें हा या संसारांतील सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत मोलाचा भाग होय. कोऱ्या कापडाचीं कातरणें आणि धुऊन धुऊन मऊ झालेलें धडुतें हीं एकाच गाठोड्यांत बांधूं नयेत. विणतांना ताणलेले धागे पहिल्या धुण्यांत सैल पडतात व कोरें कापड आटतें. जुनें कापड आधींच आटलेलें असतें. दोन्ही एका वाकळींत शिवलीं कीं पहिल्याच धुण्यानंतर तिला चुण्या पडतात, आणि महिनाभराची मेहनत वांकडी होते. म्हणून गाठोडीं दोन करावीं, किंवा कातरणें आधीं भिजवून वाळवून घ्यावीं. जुन्या लुगड्याचा सर्वांत मऊ भाग वेगळा काढून ठेवावा. बाळाच्या दुपट्याला त्यासारखें दुसरें कापड नाहीं.

हीं गाठोडीं पावसाळ्यापूर्वीं एकदां व नंतर एकदां कडक उन्हांत उलगडावीं. कसर खळीवर जगते, म्हणून ठेवणींतल्या कापडाची खळ धुऊन काढावी. लोकरीचे व रेशमी तुकडे मळके ठेवूं नयेत. अळी तेथेंच प्रथम लागते. वाळलेला कडुनिंबाचा पाला घालण्याची चाल आहे, पण खरा आधार स्वच्छतेचा व उन्हाचा. डांबराच्या गोळ्या बाळाच्या कपड्यांत कदापि घालूं नयेत. त्यांतील नॅफ्थलीनच्या वाफेनें कांहीं नवजात बालकांच्या रक्तांतील तांबड्या पेशी फुटतात आणि जिवावर बेतणारी कावीळ होऊं शकते. आजीनें मायेनें जपलेलें दुपटें अशा रीतीनें घातक होऊं नये.

परभणीस १९७२ सालीं कृषि विद्यापीठ स्थापन झालें. ज्या विद्यापीठांत कापसाच्या वाणांचें संशोधन चालतें, त्याच्याच गृहविज्ञान शाखेंत वस्त्रांचेंहि शिक्षण दिलें जाऊं लागलें. शेतांतला कापूस आणि घरांतली सुई या दोहोंचें नातें तेथें मान्य झालें. तेंच घरोघरीं मान्य व्हावयास हवें. एक डबा, एक चंची, दोन गाठोडीं आणि एक खुंटी, एवढ्यानें शिवणाचा संसार थाटतां येतो. मात्र त्या खुंटीवर दुसऱ्या कोणीं आपली टोपी अडकवूं नये. ज्या कामाला घरांत जागा मिळते त्या कामाला घरांत किंमत येते, आणि तें करणाऱ्या हातांनाहि.