‘होळीचा सण’ व अमालेकाचा विधि

गव्हाणाहून जवळच असलेल्या पनवेल शहरांत इ. स. १८४९ मध्यें बांधलेलें बेने इस्राएल लोकांचें ‘बेथ एल’ हें प्रार्थनामंदिर अद्याप उभें आहे. तेलाचे घाणे चालवून शनिवारीं काम बंद ठेवणारे म्हणून कोंकणांत ज्यांस ‘शनवार तेली’ म्हणत, तेच हे लोक. गलबत फुटून आपले धर्मग्रंथ समुद्रांत गेले, अशी त्यांची परंपरा आहे. ग्रंथ नसतांहि त्यांनीं कित्येक सण मराठी नांवांनीं पाळिले. हाईम शमुवेल केहीमकर यांनीं १८९७ सालीं लिहिलेल्या व १९३७ सालीं प्रसिद्ध झालेल्या इतिहासांत हीं नांवें आढळतात. पुरीम या सणास ते ‘होळीचा सण’ म्हणत.

हा सण हामानाच्या कारस्थानांतून यहूदी लोक वांचले त्याच्या स्मरणार्थ आहे. एस्तेरच्या ग्रंथांत हामानास ‘अगागी’ म्हटलें आहे, व परंपरा त्याचा संबंध अमालेकांचा राजा अगाग याच्याशीं जोडते. म्हणून पुरीमच्या आधींच्या शनिवारीं यहूदी प्रार्थनामंदिरांतून अमालेकाची आठवण पुसून टाकावी, या अर्थाचा अनुवाद ग्रंथांतील भाग वाचतात. शमुवेलाच्या पहिल्या ग्रंथाच्या पंधराव्या अध्यायांत हाच विधि अधिक उग्र होतो. तेथें शौल राजास पुरुष, स्त्रिया, तान्हीं मुलें व गुरेंढोरें सर्व मारण्याची आज्ञा ईश्वराच्या नांवानें होते. तान्ह्या मुलाचा अपराध कोणता, ही शंका वाचकाच्या मनांत आल्यावांचून राहत नाहीं.

अशा समूळ नाशास हिब्रू भाषेंत ‘हेरेम’ म्हणतात. हा आचार केवळ इस्राएलांचा नव्हता, हें एका शिलालेखावरून सिद्ध होतें. १८६८ सालीं दीबान येथें आढळलेल्या व सध्यां पॅरिस येथील लूव्र संग्रहालयांत असलेल्या लेखांत मवाबाचा राजा मेशा सांगतो कीं, त्यानें नबो हें इस्राएलांचें गांव घेऊन सात हजार माणसें मारिलीं व तें आपल्या देवतेस वाहिलें. तेथेंहि धातु तोच आहे. हा लेख ख्रिस्तपूर्व नवव्या शतकांतला होय. शिवाय यहोशवाच्या ग्रंथांत कनानी लोकांचा निःपात झाला असें म्हटलें असतां, लगेच पुढच्या शास्ते या ग्रंथाच्या पहिल्याच अध्यायांत कोठें कोठें ते शिल्लक राहिले याची यादी आहे. १९५२ ते १९५८ या काळांतील यरीहोच्या उत्खननांतहि यहोशवाच्या मानलेल्या काळांतील तटबंदीचें मोठें नगर आढळलें नाहीं. तेव्हां हीं वर्णनें अक्षरशः इतिहास म्हणून घेतां येत नाहींत. परंतु एवढ्यानें नीतीचा प्रश्न सुटत नाहीं. वध झाला नसला तरी आज्ञा लिहिलेली आहेच.

संस्कृत वाचणारास येथें श्येनयागाची आठवण होईल. शत्रुवधार्थ हा याग वेदांत सांगितला आहे. मग वेद हिंसा सांगतो काय? जैमिनीच्या दुसऱ्या सूत्रांतील ‘अर्थ’ या पदावर भाष्य करितांना शबरस्वामींनीं उत्तर दिलें कीं, ज्यास शत्रुवधाची इच्छा आहे त्यास वेद केवळ साधन दाखवितो. ती इच्छा धर शी आज्ञा करीत नाहीं. म्हणून श्येनाचें फल अनर्थच ठरतें. युक्ति चांगली आहे. पण अमालेकाच्या ठिकाणीं ती लागू पडत नाहीं. तेथें इच्छा राजाची नसून आज्ञा देणाऱ्याची आहे. इतकेंच नव्हे, तर ती पुरी न पाळल्याबद्दल शौलाचें राज्य जातें. मूळ कथेंत त्यानें लोक मारिले व अगाग आणि उत्तम गुरें राखिलीं. ती कांहीं करुणा नव्हे.

करुणेचा प्रश्न पुढें तल्मूदकारांनीं शौलाच्या तोंडीं घातला. योमा या प्रकरणांत तो विचारतो: एका अज्ञात मृतासाठीं शास्त्र प्रायश्चित्त सांगतें, मग इतक्या जीवांचें काय? मोठ्यांनीं पाप केलें असेल, मुलांनीं काय केलें? उत्तरादाखल आकाशवाणी होते कीं, फाजील धार्मिक होऊं नको. अर्जुनाच्या शंकेस भगवंतांनीं अध्यायामागून अध्याय उत्तर दिलें. शौलास एक वाक्य मिळालें. तथापि शंका खोडली गेली नाहीं, आणि पुढील शास्त्रकारांनीं विधीचें क्षेत्र संकुचित केलें. सन्हेरीबानें राष्ट्रें एकमेकांत मिसळून टाकिलीं, त्यामुळें आतां कोणी कोणता हें ओळखतां येत नाहीं, असें त्यांचें म्हणणें. बाराव्या शतकांत मैमोनिदीस यानें कनानांतील सात राष्ट्रांची ओळखच नष्ट झाली असें लिहिलें, व अमालेकांशींहि प्रथम तहाचें बोलणें लावावें असें ठरविलें.

आमच्या मतें यांतील महत्त्वाची गोष्ट ही कीं, ज्यांनीं आज्ञा जतन केली त्यांनींच तिजविरुद्धची शंकाहि जतन केली. आजच्या एखाद्या शत्रूस ‘अमालेक’ म्हणून जो जुनी आज्ञा उकरून काढतो, तो या परंपरेचें अर्धेंच पान वाचतो. परधर्माचे दोष काढण्याकरितां ती आज्ञा पुढें करणाराचीहि चूक तीच.

१९४८ नंतर बहुतेक बेने इस्राएल कुटुंबें इस्राएलांत गेलीं. पनवेल, पेण, अलिबाग या भागांत जुन्या मराठी प्रार्थनापुस्तकांच्या वा कीर्तनांच्या प्रती ज्यांच्या हातीं येतील, त्यांनीं पुरीमचा भाग व त्याच्या समासांतील टिपणें अवश्य तपासावीं, आणि नकल करितांना अप्रिय वाटणारी ओळ गाळूं नये. विधि गाळला, तर त्यावर कोंकणांतील कोणा वाचकानें घेतलेली शंकाहि त्याबरोबर जाईल.