एक जुडी, दोन नाकं

रमजानच्या संध्याकाळी रोजेदाराच्या स्वयंपाकघरात सगळ्यात जास्त राबते ते नाक. सूर्य मावळेपर्यंत पदार्थ चाखून पाहणे बरेच जण टाळतात. त्यामुळे मसाला भाजला की करपला, खिमा शिजला की नाही, हे वासावरूनच ठरवायचे. मिठाच्या बाबतीत मात्र नाकाचाही इलाज नाही, कारण मिठाला वासच नसतो.

इफ्तारच्या समोशांसोबत हिरवी चटणी हवीच, आणि चटणीला कोथिंबीर. मांजरीच्या उपबाजारात आसपासचे शेतकरी पालेभाज्या घेऊन येतात. तिथली कोथिंबिरीची जुडी इफ्तारच्या दस्तरखानावर जाते, तशीच शेजारच्या घरी कोथिंबीर वडीतही पडते. पण तिचा वास सगळ्यांना सारखाच येतो का? नाही. एकाला जो वास ताजा आणि भूक चाळवणारा वाटतो, तोच दुसऱ्याला साबणासारखा किंवा चक्क ढेकणासारखा वाटतो. अशा माणसाच्या वाट्याला आजवर एकच शेरा आला: नखरे!

शास्त्र आता त्याच्या बाजूने उभे आहे. नाकाच्या आत, वरच्या भागात, गंध टिपणाऱ्या पेशी असतात. त्यांच्यावर गंधकण पकडणारी प्रथिने असतात. त्यांना गंधग्राही म्हणतात. प्रत्येक ग्राही कसा घडवायचा, हे एकेक जनुक सांगते. ही जनुके लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सल यांनी १९९१ मध्ये उजेडात आणली. २००४ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळाले. माणसात अशी चालू स्थितीतली जनुके सुमारे ४०० आहेत. प्रत्येकाच्या नाकातला हा संच थोडा थोडा वेगळा असतो.

कोथिंबिरीच्या पानांत अल्डिहाइड नावाची रसायने असतात. तशीच रसायने साबणात आणि काही ढेकणांच्या स्रावातही सापडतात. २०१२ मध्ये हजारो लोकांची जनुके तपासली गेली, तेव्हा साबणी वासाचा धागा ११व्या गुणसूत्रावरच्या गंधजनुकांच्या एका गटाशी जुळला. त्या गटातले ‘ओआर६ए२’ हे जनुक अल्डिहाइड टिपणारा ग्राही घडवते. संशयाची सुई त्याच्याकडेच वळते.

पण सगळा भार जनुकावर टाकता येत नाही. त्याचा वाटा लहान आहे, सवयीचाही हात असावा. टोरंटोतल्या तरुणांच्या एका पाहणीत पूर्व आशियाई वंशाच्या २१ टक्के जणांना कोथिंबीर नावडती निघाली, तर दक्षिण आशियाई वंशाच्या फक्त ७ टक्के जणांना. जिथे ती रोजच्या ताटात असते, तिथे नाकही तिच्याशी जुळवून घेते. पाने वाटली की अल्डिहाइडचे प्रमाण कमी होते. म्हणूनच वरून भुरभुरलेली कोथिंबीर बाजूला काढणारा माणूस कधी कधी चटणी मात्र आवडीने खातो.

नाकाची खरी किंमत कोविडने शिकवली. पुण्यातील आयसर संस्था आणि बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय यांच्या २०२० मधील अभ्यासात, कोणतेही लक्षण नसलेल्या बाधितांचीही गंधक्षमता मोजल्यावर घटलेली आढळली. ज्यांचा वास अजून पुरता परतलेला नाही, त्यांच्यासाठी हा केवळ चवीचा प्रश्न नाही. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वास मुद्दाम मिसळतात. तो वास न येणाऱ्याने सहरीला अंधारात शेगडी पेटवण्याआधी घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी विचारावे आणि कान-नाक-घसा तज्ज्ञालाही दाखवावे.

रमजानमध्ये ताटे एका घरातून दुसऱ्या घरात जातात. कधी एखादे ताट अर्धवट परत येते आणि मनात येते, ‘नावडतीचे मीठ अळणी’ तर नाही ना? शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरातून येणाऱ्या वासावरूनही माणसे एकमेकांबद्दल मते बनवतात. पण सख्ख्या दोन भावांची नाकेसुद्धा एकसारखी नसतात. वासातला हा फरक धर्म किंवा आळी पाहून पडत नाही, एकाच घरातही पडतो. ताट परत आले तर मनाला लावून घेऊ नये. पुढच्या वेळी कोथिंबीर वेगळ्या वाटीत द्यावी.